डावी बाजू बाबांची, उजवी काकांची

कोलोन, ४ मार्च १९८६

माझ्या लाडक्या बाबांना, लेकीची घट्ट मिठी.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. गाड्यांचे पत्रे ठोकता ठोकता हातोडीने तुमचे कान नेले, म्हणून फोनऐवजी पत्र. नवं श्रवणयंत्र लावता ना, की ते कपाटातच?

आमच्या संग्रहालयात सत्तावन्न सालची एक लाल रेसिंग गाडी दुरुस्तीला आली आहे. मडगार्डखाली हात घातला आणि पत्र्यावरचे हातोडीचे ठोके ओळखीचे लागले. तुम्ही डावखुरे, म्हणून डावीकडचे ठोके उलटे कललेले. गाडी तुमची आणि नेवियोकाकांची आहे, बाबा!

पण मुख्य कारागीर ब्रुकनर म्हणाले, "डावी बाजू बोटभर फुगीर आहे. कुठेतरी धडकली असणार. ठोकून सारखी करू."

मी म्हटलं, "दोघा भावांनी एकेक बाजू नुसत्या नजरेने घडवली. फरक राहणारच."

ते हसले. "पोरी, तुझी पदवी इतिहासाची, पत्र्याची नाही. फरक मुळातलाच आहे, असं दोघांच्या सहीचं पत्र आण, मग हात लावणार नाही."

महिनाअखेरपर्यंत ते थांबतील. याच बोटभर फरकावरून तुम्ही दोघं एकोणतीस वर्षं अबोला धरून बसला आहात, हे मी त्यांना सांगितलं नाही. काका म्हणतात तुमची बाजू फुगली, तुम्ही म्हणता त्यांची बसली. मी रोज गाडीभोवती फिरते. मला दोन्ही सुंदर दिसतात.

काकांचं दार तीन घरं पलीकडे आहे. जाताना लाम्ब्रुस्को वाइनची बाटली न्या, आणि यंत्र कानात घालूनच जा. त्यांना खूप बोलायचं असेल.

तुमचीच,
ओर्नेल्ला