ह्यांनी आणलेली सही

३ फेब्रुवारी, रविवार

खोटी म्हणे! गायिकाबाईंची सही — लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी मला आणून दिलेली, नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी पायांचे तुकडे पडेपर्यंत उभं राहून.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत सह्या जमवणाऱ्यांची बैठक असते. आज पहिल्यांदाच गेले. सूनबाईनेच ढकललं — "आई, औषधाच्या दुकानातून घरी आणि घरातून दुकानात. बाबा गेल्यापासून तिसरं ठिकाणच नाही तुम्हाला." तिथे एक गृहस्थ आहेत. कोर्टासाठी सह्या तपासण्यात हयात गेली त्यांची. सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. माझं पान भिंगाखाली धरलं, फिरवलं आणि चारचौघांत म्हणाले, "बाईंची नाही ही. अक्षरं डावीकडे झुकलीत, रेघ थरथरतेय. कुणीतरी नक्कल केलीय."

"माझ्या नवऱ्याने समोर उभं राहून घेतलीय."

"असं सगळेच सांगतात."

पान उचललं आणि जिना उतरले. चपला उलट्या पायांत घातल्यात हे कोपऱ्यावर गेल्यावर कळलं.

५ फेब्रुवारी

सहीचं एवढं काही नाही. पण हे खोटं बोलले असतील? ह्यांना साधी थाप मारता येत नसे, कान लाल व्हायचे. त्या दिवशी कान कसे होते ते आठवायचा प्रयत्न करतेय. आठवत नाही.

८ फेब्रुवारी

भिंगवाले दुकानात हजर. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन. मी गिऱ्हाइकाशी बोलावं तेवढंच बोलले.

"त्या दिवशी जीभ घसरली," ते म्हणाले. "सहीबद्दल मत दिलं ते दिलं. तुमच्या यजमानांबद्दल बोलायला नको होतं."

डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मी एका दमात वाचलं. ते बघतच राहिले. "हे कसं लागलं तुम्हाला?"

"हयात गेली," म्हटलं.

हसले. हसताना बरे दिसतात. जाताना विचारलं, पान पुन्हा बघायला मिळेल का. नाही म्हणून सांगितलं.

१७ फेब्रुवारी

दिलं.

२ मार्च

भिंगवाल्यांचा फोन. "माझं मलाच पटेना. नक्कल करणारा सुरुवात जपून करतो. इथे सुरुवात वेडीवाकडी आणि शेवटचा फटकारा एकदम बिनधास्त. चोर असा चालत नाही." गायिकाबाई आता नाहीत, पण त्यांची धाकटी बहीण आहे. पत्ता काढलाय. "याल का?"

स्वतःला चूक ठरवायला एवढी धडपड करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

१० मार्च, रविवार

आधी हे लिहिते — हे खरं बोलले होते. खरं, खरं, खरं!

बहीणबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. ऐकू कमी येतं, नजर मात्र घारीची. पान बघितलं आणि ठसका लागेपर्यंत हसल्या. "अगं, ही प्लास्टरमधली! ताई न्हाणीघरात पडली होती. उजवा हात गळ्यात. तरी गायला गेली, आणि दारात आलेल्यांना डाव्या हाताने सह्या देत सुटली. मी म्हणायची, ताई, ही पहिलीतल्या पोराची सही आहे."

मग उठल्या आणि भिंतीवरचा फोटो काढून आणला. हात गळ्यात बांधलेल्या गायिकाबाई, आणि खाली त्यांनी बहिणीला केलेली सही. भिंगवाल्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. तोच झुकाव, तीच थरथर, तोच फटकारा. बराच वेळ वाकून होते. मग भिंग खिशात घातलं आणि उभं राहून माझ्यापुढे हात जोडले.

"तुमचे यजमान खरे. चुकलो मी."

परक्या घरात मी ढसाढसा रडले. बहीणबाईंनी पाणी दिलं आणि भिंगवाल्यांना दटावलं — "बघत काय बसलात? रुमाल द्या की तिला."

दिला. धुऊन परत करायचाय.

२४ मार्च, रविवार

बैठकीत कुणी विचारलंही नव्हतं. भिंगवाले आपणहून उभे राहिले आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. सही आता हातोहात फिरतेय. मी मात्र भाव खाऊन घेतला.

६ एप्रिल

गोळ्या महिन्याच्या असतात. हे गृहस्थ आठवड्याला येतात.

२१ एप्रिल, रविवार

नाटकाला गेलो, भिंगवाले आणि मी. नंतर मागच्या दाराशी उभे राहिलो, नटाची सही घ्यायला. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली; एकट्यापुरता स्वयंपाक करायला अजून जमत नाही, म्हणाले. मी ह्यांच्या लाल कानांचं सांगितलं. नट कधी निघून गेला कळलंच नाही.

घरी सूनबाईने विचारलं, "मिळाली सही? कुणाची?"

मला नटाचं नाव आठवेना. ती पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखी हसली.

५ मे, रविवार

सूनबाई म्हणते, "ह्यांच्याशी मी बोलते, तुम्ही नका काळजी करू." ह्यांच्याशी म्हणजे माझ्या लेकाशी. कशाबद्दल, ते दोघींनीही उच्चारलं नाही.

११ मे

लेक म्हणाला, "आई, मला कसली परवानगी विचारतेस? त्यांना जेवायला बोलव आधी."

२४ जून, सोमवार

विवाह नोंदणी कार्यालयात माझा हात इतका थरथरला, की सही बघून हे म्हणाले, "माझ्याकडे तपासायला आली असती तर खोटी म्हटली असती."

'हे' लिहिलं गेलं. राहू दे.