ब्रेकला साडीचा वारा

डिंडोली, सुरत
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप दाजी यांस,
मेहुणा वाल्मिकचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की शेजारी भांडण समजून दार उघडतात, म्हणून हे पत्र. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेल्या माणसाचाच सल्ला हवा आहे.

राखीला ताईला गाडीने सुरतेला आणताना कोंडाईबारी घाटात काय झालं ते तिने सांगितलं असेलच. ब्रेक इतके तापले की जळका वास सुटला आणि पेडल पोकळ लागायला लागलं. कशीबशी गाडी कडेला लावली. ताई उतरली ती उरलेला घाट पायीच उतरली, मागून मी हॅन्डब्रेक ओढत ओढत. विसरवाडीहून तिने सरळ सुरतेची बस धरली. आता म्हणते, दिवाळीला सुरतेला येणारच नाही. दाजी, आई गेल्यापासून ताईचं माहेर म्हणजे माझंच घर. ती आली नाही तर मला फराळ गोड लागायचा नाही.

म्हणून ब्रेकला वारा घालायची सोय केली आहे. बंपरच्या जाळीत दोन नसराळी बसवली आणि तिथून पुढच्या चाकांच्या डिस्कपर्यंत दोन नळ्या नेल्या. गाडी पळाली की वारा थेट ब्रेकवर. नळ्या घरच्याच. आमच्या साडीच्या कारखान्यातली एक डागी साडी आणली, आत तारेच्या कड्या घातल्या, आणि आमच्या सौ. सुषमाने मशीनवर शिवून कडेला पिकोसुद्धा करून दिला. हे बरोबर आहे का ते कळवा, आणि एवढं ताईला पटवून द्या.

लोभ आहेच, तो फक्त तापू देऊ नका.
तुमचा
वाल्मिक

दहिवेल, ता. साक्री
१ ऑक्टोबर

चि. वाल्मिक यास,
धुडकूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आवरेना, दुसऱ्यांदा खरंच तसं लिहिलं आहे का ते बघायला. पिको केलेली गाडी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

अरे शहाण्या, साडी पॉलिस्टरचीच ना? कारखान्यात रोज तापल्या तारेने तिची कड वितळवून कापतोस, त्यावर पोट भरतोस, आणि तीच नेऊन तापल्या ब्रेकजवळ बांधतोस? आधी ती सोड. नळी लावायचीच तर पत्र्याची लवचीक घे, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, चाकाला घासता कामा नये. ब्रेक ऑइल आणि पॅड चांगल्या मेकॅनिककडून बदलून घे.

आता मुद्द्याचं. घाटात वाऱ्याचं नंतर, गिअरचं आधी; खालच्या गिअरात इंजिनच गाडी आवरून धरतं, ब्रेकवर भार येत नाही. तू कितव्या गिअरात उतरत होतास? एवढ्या लांबलचक पत्रात त्याचा शब्द नाही, म्हणून मला शंका आहे. तुझ्या ताईला त्या दिवसाचं विचारलं की ती उठून भाकरी थापायला जाते.

सुषमाला आशीर्वाद. शिवण उत्तमच असणार, तिची चूक नाही.

माया आहे तशीच आहे. उत्तर मात्र खरं दे.
धुडकू

डिंडोली, सुरत
९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचायच्या आदल्याच दिवशी मी चाचणी घेऊन बसलो. सुरतेत घाट कुठला? म्हणून कडोदऱ्याकडे मोकळ्या रस्त्याला गाडी पळवायची आणि कचकन ब्रेक दाबायचा, असं वीसेक वेळा केलं. सुषमा शेजारी बसून मोजत होती. मग धूर निघाला. नळीचं टोक वितळून डिस्कला चिकटलं होतं, तेही जांभळं. गाडी निवल्यावर पंक्चरवाल्याने ते खरवडून काढलं आणि गुजरातीत विचारलं की साडी भाभींची होती का. सुषमा त्याच्यावर नाही, माझ्यावर रागावली आहे.

आता पत्र्याची नळी लावली. ऑइल, पॅड बदलले. स्टिअरिंग वळवून पाहिलं, कुठे घासत नाही.

राहिला गिअर. दाजी, न्यूट्रल. पेट्रोल वाचतं म्हणून उतार लागला की न्यूट्रल करायची माझी जुनी खोड. गाडी अशी का पळते, असं ताईने विचारलंही होतं. मी म्हणालो, जुन्या गाड्या अशाच असतात. ती शेजारी बसलेली असताना मी असं केलं याची मला फार लाज वाटते. यापुढे घाटात दुसरा गिअर, शपथ. पण हे तिला सांगू नका. पत्र वाचून बंबात घाला.

रागवा, पण लोभ कमी करू नका.
वाल्मिक

दहिवेल
१८ ऑक्टोबर

चि. वाल्मिक यास,
सरलाताईचे अनेक आशीर्वाद.

बंबात घालायचं पत्र मीच आधी फोडलं. आमच्याकडे पोस्टमन टपाल माझ्याच हातात देतो. तुझे दाजी ते वाचून अजून डोक्याला हात लावून बसले आहेत.

मी भीतीने उतरले असं तुला वाटतं. भ्याले तर होतेच. पण उतरले ते वेगळ्याच कारणाने. मी सत्तर किलोची बाई, मी उतरले तर गाडी तेवढी हलकी होईल आणि तुझे ब्रेक धरतील, असं मला वाटलं. कडेकडेने चालत होते आणि दर वळणावर मागे वळून बघत होते, तू येतोस की नाही. वेड्या, दिवाळीला येणार नाही म्हटलं तेही त्याचसाठी. बसने येते म्हटलं असतं तर तू ऐकतोस कसला, गाडी घेऊन मुराळी म्हणून दारात हजर झाला असतास. मला नेता-आणताना तुला काही झालं असतं तर मी माहेरी कोणाकडे जाऊ?

खरं लिहिलंस, बरं केलंस. वसुबारसेला सकाळी ये, उजेडात. पिशवी भरून ठेवते. या वेळी सबंध घाट तुझ्या शेजारी बसून उतरेन.

तुझीच,
ताई