पाच गिअर पुढे, पाच मागे

२ ऑक्टोबर २००६, दसरा. मेडनहेड

आज वाहनपूजा. वाहन तूर्त अकरा खोक्यांत असल्यामुळे रेखाला प्रत्येक खोक्यावर स्वतंत्र हळदकुंकू वाहावे लागले. गिअरबॉक्सच्या खोक्यावर झेंडू ठेवताना ती म्हणाली, की आत काय आहे ते देवाला तरी कळो. इतिहासात एम.ए. करूनही माणसाला इतिहासाची ओढ लागतेच असे नाही.

वाहन म्हणजे ऑस्टिन चॅम्प, ब्रिटिश सैन्याची १९५३ सालची उघडी मोटार. लोक तिला जीप म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

ईशिताचे लग्न ठरले. ५ मे, वीरशी. कन्येने दागिने मागितले नाहीत, मधुचंद्राचे तिकीट मागितले नाही. मागणे एकच: गौरीहर घरी पुजायचा आणि हॉलपर्यंत चॅम्पमधून जायचे. सहा उन्हाळे मी तिला ‘पुढच्या उन्हाळ्यात’ असे सांगत आलो, हेही तिने ऐकवले. तिने पाच मोजायला हवे होते. पहिल्या वर्षी मी केवळ वाचन करत होतो.

संकल्प: मार्चअखेर गाडी चाकांवर. १९५३ साली जी वस्तू नव्हती, ती या गाडीत असणार नाही.

रेखा म्हणाली, तरी आपण चॅम्पच्या मागून एक रिकामी टॅक्सी ठेवू. आणि टॅक्सी यादीत लिहूनही टाकली.

१९ नोव्हेंबर

रंग. जुन्या लष्करी गाड्यांच्या क्लबातील मंडळी कॅटलॉग पाहून ‘डीप ब्राँझ ग्रीन’ मागवतात आणि समाधानाने झोपतात. मी डाव्या मडगार्डावरचे थर ब्लेडने एकेक करून उतरवले. सर्वांत खालचा हिरवा आजवर कोणाही हयात माणसाने नीट पाहिलेला नाही, असे माझे मत झाले आहे. त्याच्याशी जुळवण्यासाठी चौदा नमुने तयार केले.

रेखाच्या मते चौदाही एकच आहेत. शिवाय तिची सांडशी हिरवी का झाली, असे तिने विचारले. संशोधनात साधनांची झीज होतेच.

२६ डिसेंबर, बॉक्सिंग डे

मेहुणे राजेंद्र ग्लासगोहून आले आहेत. दंतवैद्य. गॅरेजमध्ये हात मागे बांधून हिंडले. चॅम्पचे अद्वितीय वैशिष्ट्य त्यांना समजावून दिले: पुढे जाण्यासाठी पाच गिअर, आणि एक दांडा ओढला की तेच पाच मागे जाण्यासाठी. जगातील किती गाड्या असे करू शकतील?

“भाऊजी,” ते म्हणाले, “म्हणजे सैन्याने पळून यायची सोय आधीच करून ठेवली होती.”

दंतवैद्याकडून याहून अधिक अपेक्षा नव्हती. मात्र रीतीप्रमाणे वधूला मांडवात मामानेच आणायचे असते. म्हणजे हे गृहस्थ माझ्या शेजारच्या सीटवर बसणार. सीट आजच रंगवली.

११ फेब्रुवारी २००७

गिअरबॉक्स जोडला. मागचा आस जोडला. पुढे-मागेचा तो दांडा खाचेत धरून ठेवणारी बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग असते. मूळ स्प्रिंग मिळाली, थोडी दमलेली. राजेंद्रना फोनवर हे सांगण्याची चूक केली. नवीन घ्या, म्हणाले, दोन पौंडांत येईल.

मी धातुशास्त्रात डॉक्टरेट आहे. नव्या स्प्रिंगचे पोलाद आजचे. तिच्यात १९५३चा कणही नाही. मूळ स्प्रिंग तापवली, तेलात विझवली आणि जागेवर बसवली. त्यांना सांगितले, धातूला स्मृती असते. त्यांनी फोन रेखाकडे द्यायला सांगितले. बहुधा पटले असावे.

१८ मार्च, मदरिंग संडे (इथला मातृदिन)

रेखाला भेट म्हणून इंजिन सुरू करून दाखवले. काय तो आवाज! गाडी गॅरेजमध्ये एक हात पुढे गेली आणि एक हात मागे आली. दोन्ही दिशा सिद्ध झाल्या. ईशिता धावत आली, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, तुझा गाडी खरंच चालतो!” तिचे लिंग दुरुस्त केले. हात ठेवलेल्या जागी ठसे उमटले आहेत. तो भाग पुन्हा रंगवावा लागेल.

१२ एप्रिल

MOTसाठी, म्हणजे रस्त्यावर चालवण्याआधीच्या सक्तीच्या तपासणीसाठी, गाडी ट्रेलरवर चढवून, ताडपत्री पांघरून नेली. पास. टेस्टरने विचारले, आता घरी चालवत नेणार ना? रस्त्यावर धूळ असते, असे त्याला सांगावे लागले.

रेखाचे म्हणणे, लग्नाआधी एकदा तरी हॉलपर्यंत चालवून बघा. तालीम ही ज्यांचा अभ्यास कच्चा असतो त्यांच्यासाठी.

२२ एप्रिल

वीरकडची मंडळी जेवायला. त्याच्या आजी, सुमनताई, खास नाशिकहून आल्या आहेत. करारी बाई. मुहूर्त बारा सत्तावीसचा आहे, तो सोलापूरच्या पंचांगातून भारतीय वेळेसकट जसाच्या तसा उचललेला दिसतो, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. यावर गुरुजी (सोमवार ते शुक्रवार एका सॉफ्टवेअर कंपनीत) म्हणाले, काका, हॉल दोनपर्यंतच बुक आहे.

आजींची अट एकच. अंतरपाट दूर होईपर्यंत मुलीने मुलाचे तोंड बघायचे नाही. घरातली एक रीत तरी इथे नीट पार पडू दे. वीरने लग्नाच्या दिवशी हॉलच्या आत बसून राहण्याचे वचन दिले. मग तास दीड तास तो गॅरेजमध्ये होता आणि ‘वॉव’ म्हणत होता. मुलगा समंजस वाटतो.

२९ एप्रिल

टॅक्सी रद्द केली. माझ्या गाडीमागून रिकामी टॅक्सी चालणे म्हणजे भर वरातीत शववाहिका चालवण्यासारखे आहे. रेखाला योग्य वेळी सांगेन.

५ मे, सकाळी

रात्री पाऊस झाला. रस्ता धुऊन निघाला, धुळीचा प्रश्न मिटला. नियतीही तपशिलाकडे लक्ष देते.

फेटा बांधला. आरशाच्या कोनात तुरा येतो. तुरा राहील.

६ मे

जे घडले ते क्रमाने नोंदवतो, कारण राजेंद्र ते भलत्याच क्रमाने सांगत फिरत आहेत.

घरून वेळेत निघालो. मागे ईशिता, शालू आणि मुंडावळ्यांत; शेजारी राजेंद्र. गाडी पाण्यासारखी चालली. हाय स्ट्रीटवर लोक थांबून हात हलवत होते. हॉलच्या फाटकाशी पोहोचलो. तेथून दारापर्यंत लांब, चिखलाचा रस्ता. फाटकात शिरताना लक्षात आले, की गाडी बरोबर मध्यावर नाही. वीतभर डावीकडे. राजेंद्र म्हणाले, चला हो, ट्रक जाईल एवढी जागा आहे. परंतु दारात फोटोग्राफर उभा होता. दांडा मागे ओढला, वीतभर मागे आलो, दांडा पुढे ढकलला. आत कुठेतरी टिंग असा आवाज झाला.

दांडा पुढे आला. गाडी आली नाही. पहिला गिअर: मागे. दुसरा: मागे.

“भाऊजी,” राजेंद्र म्हणाले, “अजून तीन शिल्लक आहेत.”

तेही करून पाहिले. मागेच. हॉलच्या दारात गुरुजी घड्याळावर बोट आपटत होते. मंडपातून रेखा शालूच्या निऱ्या उचलून चिखलातून आली. आवाज चढवला नाही. “अहो, टॅक्सी कुठेय?”

योग्य वेळ ती हीच, हे जाणवले. सांगितले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी स्टिअरिंगकडे. मग ईशिताला म्हणाली, उतर गं, माझ्या चपला घाल, चालत जाऊ. ईशिता उतरेना.

“बाबा, सहा वर्षं वेट केलंय मी. मागे तर मागे. पण गाडीतूनच.”

तेव्हा रस्त्यावर अर्धवर्तुळ घेतले, गाडीची पाठ हॉलकडे केली, आणि पहिल्या गिअरमध्ये निघालो. मागे.

रिव्हर्समध्ये चालकाला वळून पाहावे लागते. त्यामुळे त्या सबंध रस्ताभर माझ्यासमोर ईशिताचे तोंड होते. मुंडावळ्या हलत होत्या. ती हसत होती. मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. पुढे जाणाऱ्या गाडीत चालकाला ही सोय नसते. शेवटचा भाग मला धुरामुळे नीट दिसला नाही. धूर अजिबात नव्हता, असे राजेंद्रचे म्हणणे. राजेंद्र दंतवैद्य आहेत.

दारात वीर. वचन मोडून, मोबाइलवर शूटिंग करायला बाहेर आलेला. सुमनताई त्याच्यावर काठी उगारून त्याला आत हाकलत होत्या, तेवढ्यात आम्ही पोहोचलो, आणि मुलाच्या पुढ्यात वधूची पाठ आली. ईशिताला तो दिसलाच नाही. आजींनी काठी खाली घेतली.

“याला म्हणतात रीत,” त्या सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. “मुलीच्या बापाने किती विचार केलाय बघा.”

मी नम्रपणे मान लववली. काही सत्ये गुंतागुंतीची असतात, ती मांडवात उलगडू नयेत. राजेंद्रनी भाचीचा हात धरून तिला उतरवले आणि जाता जाता माझ्या कानाशी वाकले. “धातूला स्मृती असते खरी. पण मागचंच आठवतंय त्याला.”

मुहूर्त साधला.

३ जून

गाडी मागच्याच महिन्यात ट्रेलरवरून घरी आली. गॅरेजमध्ये मात्र स्वतःच्या बळावर गेली, कारण रिव्हर्समध्ये आत जाणे फार सोपे असते. बाहेर येता येणार नाही, हे आत गेल्यावर ध्यानात आले.

सुमनताईंचा फोन. वीरच्या चुलत बहिणीचे लग्न नोव्हेंबरात, ब्रिस्टलला. गाडी पाहिजे. “पण तश्शीच यायची हं, उलटी.” त्यासाठी बरीच तांत्रिक पूर्वतयारी लागते, असे सांगितले. हे खरे आहे. तिला सुलटी चालवून ब्रिस्टलपर्यंत न्यायची, तर मागचा आस काढावा लागेल. आस काढायचा तर गिअरबॉक्स. आणि गिअरबॉक्स निघालाच, तर आतला मूळ हिरवा एकदा नीट पाहून घ्यायला हवा.

राजेंद्रनी पोस्टाने नवी स्प्रिंग पाठवली. दोन पौंडांची. ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. तिचे पोलाद मला अजूनही मान्य नाही.

संकल्प: ऑक्टोबरअखेर गाडी चाकांवर.

रेखा चहा घेऊन गॅरेजमध्ये आली. आजच खोलून जमिनीवर मांडलेले भाग ओलांडत कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यांपर्यंत गेली, आणि बोलली ती एवढेच, की यंदा दसऱ्याला हळदकुंकू किती आणून ठेवू.