सातव्या फेरीला मी उठलो नाही, माय

प्रिय माय,

काल पूर्णेच्या फलाटावर तुझा आवाज ऐकला. तू जाऊन दहा महिने झाले, आणि तू माझ्या मागच्या बाकावर बोलत होतीस. वळून पाहिलं, तर कॉलेजातली दोन पोरं मोबाईलवर वाकलेली. पडद्यावर एक म्हैस चिखलात बसली होती, मालक तिची शेपूट पिरगाळत होता, ती काही उठत नव्हती, आणि वरून तुझा आवाज लावलेला: "असं बसण्यापरीस मेला असता तर बरं झालं असतं."

पोरं हसली. परत लावलं. परत हसली.

मी त्यांच्यावर ओरडलो का? नाही. तुझे चार फोटो आहेत माझ्याकडं, पण आवाज कुठंच नाही. जगात तुझा आवाज राहिलाय तो एवढाच, आणि तो मला मेला असता म्हणणारा. तरी मी तिसऱ्यांदा लावतील म्हणून थांबलो. त्यांची गाडी आली, ती चढली. घरी येऊन वही काढली. तू असताना आपण शेवटी धड बोललो नाही. आता लिहितो.

मला त्या संध्याकाळचा राग अजून आहे माय, आधी तेच सांगतो.

बाप गेल्यावर तू रेल्वेच्या विश्रांतिगृहात ड्रायव्हर-गार्ड लोकांच्या पोळ्या लाटायचीस. कुणाच्या हळदीकुंकवाला तुला बोलावणं नव्हतं, कुणाच्या दारात तुला बस म्हणत नव्हते. मी बॉक्सिंग जिंकायला लागलो तसं लोकांचं बोलणं बदललं. 'पोळ्यावाली' गेली, 'पैलवानाची माय' आली. बॉक्सरला पैलवान म्हणत न्हाईत, हे मी तुला दहादा सांगितलं. तू म्हणायचीस, "म्हणू दे की. कानाला ग्वाड लागतंय."

पुण्याला देशाच्या किताबाची लढत ठरली तेव्हा पोरांनी मैदानावर मोठा पडदा लावला. तुला शाल घातली, पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. हे सगळं मला नंतर कळलं, ज्यानं त्यानं हसून सांगितलं म्हणून.

दहा फेऱ्यांची लढत. सहा झाल्या तेव्हा गुणांवर मी पुढं होतो. सहावीत डाव्या डोळ्यावर एक बसला, आणि घंटा झाल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकलो तर त्या बाजूनं काळा पडदा खाली यायला लागला.

"सर, डावीकडनं दिसत न्हाई."

मला शिकवणाऱ्या सरांनी हात पुढं धरला. "किती बोटं?"

"हातच दिसत न्हाई, सर."

सर खाली बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "परमेश्वर, पोरा, तू सांग. काय करायचं?"

मी म्हणालो, "बस."

एवढंच. सातवीची घंटा झाली आणि मी उठलो नाही. पंचानं हात हलवले. समोरचा पोरगा आनंदानं उड्या मारायला लागला. मागून लोकांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या, एक माझ्या मानेवर लागली. दुसऱ्या दिवशी डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मागचा पडदा सुटला होता, अजून एक ठोसा बसला असता तर डोळा गेलाच होता. अर्धा वाचला. आजही डावीकडून माणूस आला तर मला तो अंगावर आल्यावरच कळतो.

तुला हे माहीत नव्हतं. मैदानावरच्या पडद्यावर रक्त दिसलं नाही, जखम दिसली नाही. दिसला तो स्टुलावर बसलेला पोरगा. आणि एकानं तुझ्या तोंडापुढं मोबाईल धरला, "मावशी, तुमचं लेकरू बसलं की वो. बोला काहीतरी." तू बोललीस. शिट्ट्या वाजल्या. मग कुणीतरी तुला म्हणालं, "उठा, खुर्च्या गोळा करायच्यात." शाल खुर्चीवरच राहिली.

पाच दिवसांनी मी डोळ्याला पट्टी बांधून पूर्णेला उतरलो. फलाटावर पंधरा-वीस पोरं उभी होती. मला वाटलं, बघायला आली असतील. मध्ये प्लास्टिकची खुर्ची होती, तिला झेंडूचा हार घातलेला.

"या पैलवान, बसा. लय थकला असाल."

ही तीच पोरं, माय, ज्यांनी माझं नाव दंडावर गोंदून घेतलं होतं. त्या दिवसापासून माझं नाव बस्या पडलं. किराणावाला साखर बांधताना म्हणायचा, "बस्या, बस की, गर्दी हाय." ज्यानं आयुष्यात कुणाचा गुद्दा खाल्ला नाही, तोसुद्धा मला हिंमत शिकवायचा. "म्या असतो तर मेलो असतो, पण उठलो असतो," असं मला सलूनवाला म्हणाला, वस्तरा माझ्या गळ्याला लावून.

त्यांचं मी सोसलं. पण घरी आलो, तू ताट वाढलंस आणि पाठ फिरवलीस. मी विचारलं, "माय, तू तसं म्हणलीस?"

"म्हणले."

"डोळा जायला लागला होता माझा."

"मला काय ठावं?"

"आता ठावं झालं ना?"

तू पीठ मळत राहिलीस. मग म्हणालीस, "बारा वर्सांनी लोकात मान वर केली व्हती म्या. तू एका घडीत खाली घातलीस."

मी तुझ्या तोंडून एकच शब्द मागत होतो. चुकले, एवढाच. तुला तो जड का झाला? मी ताट तसंच सोडलं आणि अंगण ओलांडून पलीकडच्या खोलीत राहायला गेलो. दीड वर्षं आपण एका नळावर पाणी भरलं आणि बोललो नाही.

मग तुझे पाय सुजले. दोन्ही किडन्या गेल्या म्हणाले. आठवड्यातून दोनदा परभणीला मशीनवर न्यायचं ठरलं. आक्का सासरी पाथरीला, तिच्या पदरात दोन लेकरं आणि आंधळी सासू. उरलो मी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आपण दोघं समोरासमोर बसून जायचो, खिडकीबाहेर बघत.

लोकांना वाटायचं, पोरगं किती करतंय. मी तुझी औषधं वेळेवर दिली, पथ्य पाळलं, चादरी धुतल्या. आणि पाणी मोजून दिलं. दिवसाला किती, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू मागायचीस, "घोटभर दे रे, जीभ टाळूला चिकटलीय." मी गिलास दाखवायचो, "संपलं आजचं." नियमच होता तो. पण तो सांगताना मला बरं वाटायचं, हे तुला तेव्हा कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं.

आठव्या महिन्यात तुझं वजन लहान पोरीएवढं झालं. मशीन लावलं की दाब खाली यायचा, डोळे फिरायचे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "हृदय थकलंय त्यांचं. त्या नको म्हणाल्या तर आपण जबरदस्ती करायची नाही. घरी ठेवा, त्रास होऊ नये एवढं बघू."

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी तू सिस्टरचा हात धरलास. "बस झालं बाई. आता न्हाई व्हत. मला घरी जाऊ द्या."

शेजारच्या खाटांवरच्या बाया सुरू झाल्या. "असं कसं मावशी, हिंमत धरा." "लढायचं असतंय." कुणाचा तरी नवरा दारातून म्हणाला, "हार मानायची न्हाई, आजी."

तू माझ्याकडं पाहिलंस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ. "परमा, तू सांग ह्यांना."

मी एक शब्द बोललो असतो तर तू त्या दुपारी घरी आली असतीस. अंगणात खाट टाकली असती. मागशील तितकं पाणी दिलं असतं. आक्काला बोलावलं असतं.

मी खाली वाकलो आणि तुझ्या कानात म्हणालो, "असं बसण्यापरीस मेलेलं बरं. तूच म्हणलीस ना?"

तू रडली नाहीस. थोड्या वेळानं हात उचललास आणि सुईसाठी सिस्टरपुढं धरलास. त्या बाया म्हणाल्या, "शाब्बास मावशी."

त्यानंतर सात आठवडे, चौदा खेपा. तू एकदाही बस म्हणाली नाहीस, पाणीही मागितलं नाहीस. मी आपणहून गिलास पुढं केला तर मान हलवायचीस. चौदाव्या खेपेला मशीन चालू असतानाच गेलीस, भिंतीकडं तोंड करून. तू माझ्या उजव्या डोळ्यासमोर राहशील असा मी बसलो होतो, नीट दिसावं म्हणून. तरी मला कळलं नाही. सिस्टरनं सांगितलं.

दहाव्याला तीच मैदानावरची माणसं आली. "वाघीण व्हती. शेवटपर्यंत लढली," एक जण म्हणाला. दुसरा माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोरात उतरलं न्हाई, एवढंच." मी मान खाली घालून ऐकलं. माझा अपमान झाला याचं मला काही वाटलं नाही. तुला कुणी लढवलं, हे त्यांना कळेल, याची भीती वाटत होती.

आणि आक्का. ती येईल-जाईल त्याला सांगते, "माझ्या परमानं मायची सेवा केली, मला तर जमलं न्हाई." ती माझ्या पाया पडायला वाकली होती, माय. मोठी बहीण. मी पाय मागं घेतले. तिला वाटलं, मी लाजलो.

तुला माफ केलं, असं लिहायचं मनात होतं. लिहवत नाही. तू मला माफ कर, असंही म्हणत नाही. तू माणसांच्या गर्दीत, रागाच्या भरात, काही ठाऊक नसताना बोललीस. मी सगळं ठाऊक असताना, तुझ्या कानाला लागून बोललो. एवढा फरक मला कळतो.

सोमवारी पाथरीला जाणार आहे. सासू झोपली की आक्काला ओट्यावर बोलावीन आणि त्या शुक्रवारचं सगळं सांगीन. तू काय मागितलंस आणि मी काय म्हणालो, शब्द न बदलता. आक्का मला घराबाहेर काढील, कदाचित राखी बंद करील. ती म्हणेल, मायला तू मारलंस. तसं म्हणाली, तर मी डॉक्टरांचं नाव घेणार नाही, डोळ्याचं नाव काढणार नाही, तुझंही नाही. हो म्हणीन. हे तुला वचन.

तुझा,
परमा