नाकाला काही झालेलं नाही

१०/४/८६, गुरुवार. पाडवा.
गुढी उभारली आणि तसाच डेरीत. दुधाला सण नाही. कॅन धुवायला पाणी नाही हे रोजचं रडगाणं. गावासाठी पाण्याचा टँकर येतो, त्यातलं घ्यावं तर बाया अंगावर येतात, आणि न घ्यावं तर कॅनला कालचा आंबूसपणा राहतो नि आजचं दूध नासतं. दुष्काळात तेरावा महिना.
डॉकवर, म्हणजे कॅन उतरवून घ्यायच्या ओट्यावर, सोनकांबळे एकटा. माकणीचा. डिप्लोमा करून आला तेव्हा पोरगेलाच होता, आता दोन लेकरांचा बाप आहे. येणाऱ्या प्रत्येक कॅनचं झाकण उचलायचं, उलटं धरायचं, हुंगायचं. चांगलं तर टाकीत, आंबट तर परत. सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाळ्या तोच करतो. दुसऱ्या टेस्टरची जागा रिकामी. चेअरमनसाहेब (इथं चे.सा.; पूर्ण लिहिलं की आपोआप ताठ बसतो मी) म्हणतात, दूध निम्म्यावर आलंय, माणसं कशाला वाढवायची? दूध निम्मं झालं पण नासणारं दुप्पट झालं, हे त्यांना कुणी सांगायचं. मॅनेजर म्हणून मीच सांगायचं. नाही सांगितलं.
पुरणपोळी गार झाल्यावर खाल्ली.

१४/४, सोमवार. जयंती.
सोनकांबळेला (यापुढं सो.) काल मीच म्हटलं होतं, उद्या येऊ नका, मी बघतो. तरी सहाला डॉकवर हजर. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, बाह्या दुमडून कॅन उघडतोय.
म्हटलं, "अहो, आज तरी?"
"मिरवणूक सांजच्याला आहे साहेब."
सांजच्यालाही इथंच होता. रस्त्यानं मिरवणूक गेली, त्याच्या ओळखीची पोरं हाका मारत होती. त्यानं हात केला आणि पुढचं झाकण उचललं. मी केबिनमधून बघत बसलो. आपल्याला असा माणूस मिळाला म्हणून बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.
दूध घालणाऱ्या एका गावच्या संस्थेचा सेक्रेटरी हळूच मला म्हणाला, "आमच्या दुधात त्यानंच नाक घालायचं व्हय?" इतकी वर्षं झाली तरी हे आहेच. त्याला म्हटलं, तुमच्या म्हशीची तक्रार नाही, दुधाची नाही, तुमचीच कशी आहे? गेला बडबडत.

१९/४, शनिवार
सो. आज बॉयलरवाल्या शेखवर खेकसला. कारण काय, तर त्यानं "चहा घे" म्हटलं. शेख म्हणतो, "साब, ये आदमी पैले हसता था."
खरं आहे. गेल्या वर्षीपर्यंत नकला करायचा. चे.सा. म्हशीची शेपटी धरून फोटो काढून घेतात ती नक्कल तर मला बघायला बंदी होती, मी खिडकीतून बघायचो.
हल्ली डबा तसाच परत नेतो. शर्टाची बटणं खालीवर. विचारलं तर "काय नाही साहेब". मला वाटलं घरी काहीतरी बिनसलं असेल. आपण कशाला पडा मध्ये.

२३/४, बुधवार
सोलापूरहून आमचा दुधाचा टँकर परत. आख्खा. ड्रायव्हर सांगत होता, तिथं नमुना उकळला आणि भसकन फाटला. टाकीत आंबट कॅन गेले असणार, एक नाही, चार-पाच तरी.
गावाबाहेर ओढ्यात ओतलं. ओढा कोरडाठाक, दगडांवर पांढरं वाहत होतं. पाण्यासाठी घागरी घेऊन निघालेल्या बाया थांबून बघत राहिल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. मला तिथं उभं राहवेना.
चे.सा. दुपारी आले. खुर्चीत बसलेच नाहीत. "बिराजदार, हुंगणारा झोपला होता का?" म्हटलं, चौकशी करतो. "चौकशी नको. लेखी पाहिजे. हयगय झाली असं लिहा, बाकी कमिटी बघंल."
हयगय लिहिली की नोकरी गेली. हे त्यांना माहीत, मला माहीत, सो.ला तर आधी माहीत.

२४/४, गुरुवार
सो.ला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. बसा म्हटलं तरी उभा.
मग एकदम: "साहेब, वास येत न्हाय मला."
"कालपासून?"
"होळीच्या आदीपासून. झाकण नाकापाशी नेतो. आंबट का गोड, काहीच कळत न्हाय. जेवताना भाकरीचा पण न्हाय."
"मग इतके दिवस कॅन पास कसे करत होता?"
"तोंडं बघून."
मला समजेना. त्यानंच सांगितलं. ज्याचं दूध आंबट असतं तो माणूस झाकण उचललं की दुसरीकडं बघतो. चप्पल बघतो, आभाळ बघतो, उगीच खोकतो. तो कॅन सो. बाजूला काढायचा, उकळून बघायचा, आणि फाटायचाच. इतके दिवस चाललं की. परवा एका संस्थेची गंगाबाई गाडीतून कॅन घेऊन आली. हसून म्हणाली, "बाबा, आज लई चांगलं हाय बग." तिच्या लेकानं कॅन रात्रभर तसेच न धुता ठेवलेले, ते तिला ठाऊकच नव्हतं. ती सरळ डोळ्यांत बघत होती. यानं सगळे पास केले.
म्हटलं, सगळेच कॅन उकळून का नाही बघितले? म्हणाला, एका माणसाला होतं का ते? होत नाही. मला माहीत आहे.
"मला आधी का नाही सांगितलं?"
तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "सांगून काय झालं असतं साहेब? तुमच्यातल्या माणसानं सुट्टी मागितली तर तो बिमार असतो. आम्ही मागितली तर कामचोर."
रागच आला मला. मी असा आहे का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. कारण रिकाम्या जागेबद्दल मी दोन वर्षांत एकदाही तोंड उघडलेलं नाही. का? तर सो. आहे, तो रेटतो. चालत्या बैलालाच टोचत राहिलो.
मग खाली बघून म्हणाला, "रोज सकाळी न्हाय म्हणायचं साहेब. चारा न्हाय, पाणी न्हाय, त्यातनं काढल्यालं दूध माणसं घेऊन येत्यात आन् म्या म्हणायचं, परत न्या. एक जण रडला तवापासून..."
मी पाणी दिलं. प्याला नाही.

२५/४, शुक्रवार
त्याला डॉक्टरकडं नेलं. हायवेवरचा जुना दवाखाना, आमच्या घरच्या डॉक्टरांचा. नाकात बॅटरी मारून बघितली, घसा, छाती. मग बाकीचं विचारत बसले. झोप येते का? नाही. भूक? नाही. लेकरांशी खेळता? सो. म्हणाला, लेकरांचा आवाज सहन होत नाही. शेवटची सुट्टी कधी घेतली? आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो, दोघांनाही आठवेना.
डॉ. म्हणाले, "नाकाला काही झालेलं नाही. माणूस संपत आलाय." त्याच्यासमोरच म्हणाले. गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं: पूर्ण विश्रांती, निदान महिनाभर.
बाहेर आल्यावर सो. म्हणाला, "महिनाभर? मग कशाला, कायमचाच जातो." मी म्हटलं, गप बसा आणि माकणीच्या एस.टी.त चढा. चढला. खिडकीतून मागं बघितलं नाही.

२७/४, रविवार
तीन दिवस डॉकवर मीच. हौस फिटली.
नाक चांगलं आहे माझं, वास येतो. येतो हेच वाईट. आज एक म्हातारा चालत कॅन डोक्यावर घेऊन आलेला. झाकण काढलं, आंबट. म्हटलं, काका, परत न्यावं लागंल. भांडला असता तर बरं. तो म्हणाला, "बरं बाबा," आणि चुंबळ नीट करून कॅन परत डोक्यावर घेतला. सावलीत बसा म्हटलं तर "उशीर होतो" म्हणाला.
दुपारी जेवण गेलं नाही. घरी हिनं विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का? मी ताट सरकवून ओरडलो. ती घाबरून बघत राहिली. मग मलाच शरम वाटली. तीन दिवसांत ही गत, आणि त्यानं वर्षं काढली.

३०/४, बुधवार
चे.सा.च्या मळ्यावर गेलो. अहवाल नेला, त्यात हयगय लिहिली नाही. आजारी माणसाकडून काम करून घेतलं, जबाबदारी मॅनेजरची, असं लिहिलं.
वाचून हसले. "विश्रांती? ह्या दुष्काळात? आमी काय झोपलोय का?"
माझी जीभ कशी उचलली गेली देव जाणे. समोर गोठाच होता. म्हटलं, "अण्णा, व्यायच्या आधी म्हैस आटवता ना तुम्ही?"
"आटवतोच की. दोन महिने."
"दूध देत असतानाच?"
"न्हायतर पुढलं वेत बुडालं."
म्हशी बघत राहिले. गड्यानं ताक आणून ठेवलं, त्याला हात लावला नाही. वाटलं, जमलं. पण उठताना म्हणाले, "बिराजदार, आटलेल्या म्हशीच्या जागी दुसरी म्हैस असते. तुझ्याकडं कोण हाय?"
ते चूक बोलत होते असंही म्हणवत नाही. बुडालेल्या टँकरची शिवी त्यांनाही बारा संस्था देतायत. परवा त्यांच्याच भावकीतल्यानं दूध खासगीवाल्याला घातलं.

४/५, रविवार
शेख पण नोटीस देतो म्हणतो. "उसको निकाला तो मेरा क्या भरोसा?" टँकरचा ड्रायव्हर सकाळी उशिरा येतो. सो. डॉकवर होता तोवर सगळी डेरी त्याच्या भरवशावर सरळ चालायची, हे आता कळतंय. चे.सा.ना वाटतं दुसऱ्या टेस्टरचा पगार वाचवला.
आणखी दोन संस्थांनी दूध बंद केलं.

९/५, शुक्रवार
कमिटी झाली. माझा अहवाल वाचला, बाजूला ठेवला. वादावादी झाली. चे.सा. माझ्या बाजूनं बोलले, पण अर्धंच. ठरलं ते असं: सोमवारी सो.नं कामावर हजर व्हायचं, दोन्ही पाळ्या, जुनं सगळं माफ. नाही आला तर जागा भरायची. एका सभासदाचा भाचा तयारच आहे.
दुसऱ्या टेस्टरचं विचारलं. "पाऊस पडू द्या, मग बघू."
ऑर्डर माझ्याच हातानं पोचवायची. चे.सा. म्हणाले, "तूच जा. तुझं ऐकंल तो."

११/५, रविवार
माकणीला गेलो. उतरल्यावर विचारत विचारत घर. धरणाच्या कामावरच्या ट्रका धुरळा उडवत जात होत्या.
दारात त्याची बायको जोंधळं निवडत बसलेली. मला ओळखलं. उठून उभी राहिली, पदर सावरला, तोंड उतरलं.
"न्यायला आलाव का साहेब?"
मी चपलेकडं बघितलं. तिनं पाणी दिलं. लेकरं कुठं विचारलं, तर म्हणाली मामाकडं धाडलीत, घर शांत राहावं म्हणून.
सो. मागं पडवीत बाजेवर झोपलेला. उघडा, एक हात खाली लोंबता. माश्या बसत होत्या तरी हलत नव्हता. तोंड थोडं उघडं. इतक्या वर्षांत मी या माणसाला झोपलेलं कधी बघितलं नव्हतं.
ती हळू आवाजात सांगत होती. पहिले बारा-चौदा दिवस रातभर अंगणात हिंडायचा. बोलायचा नाही. आता दोन दिवसांपासून झोपतोय, जेवायला उठतो, परत झोपतो. काल आमटीला फोडणी घातली तर म्हणाला, लसूण करपला का गं?
"करपला होता का?" मी विचारलं.
"करपलाच होता," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.
ऑर्डर खिशात होती. घामानं मऊ पडलेली. उद्या सोमवार. गेला तर नोकरी राहते, आणि हे जे आत्ता कुठं धरलंय ते जातं. नाही गेला तर दोन लेकरं, आणि पाऊस कधी त्याचा पत्ता नाही. त्याचं त्यानं ठरवायला पाहिजे, मी कोण? पण ठरवायला त्याला उठवावं लागणार.
ती पुढं झाली. बाजेपाशी वाकली. "उठवू का साहेब? लांबून आलाव."
"नको," म्हटलं. "झोपू द्या."
चहा घेतला आणि परतीची एस.टी. धरली. उद्या चे.सा. विचारतील, काय म्हणाला? सांगेन, झोपला होता.