जिन्यापाशी बसलेलं गाढव

३ जानेवारी, रविवार

संकल्प. यंदा बैठकीत कमी बोलायचं, आणि जे बोलायचं ते नेमकं. ज्ञान वाटायला माझी ना नाही, पण घेणाऱ्याची लायकी पाहून.

आजची बैठक दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये झाली. दर रविवारी दवाखाना बंद असतो तेव्हा आम्ही चौघं तिथे बसून आमच्या लाडक्या बँडच्या जुन्या लाइव्ह टेप ऐकतो. चौघं म्हणजे मी आणि तीन अडाणी. दंतवैद्याकडे स्पीकर उत्तम आहेत, कानही असते तर बरं झालं असतं. भूगोलाचे रिटायर्ड सर प्रत्येक सोलो घड्याळ लावून मोजतात आणि जो लांब तो थोर, असं जाहीर करतात. जन्मभर नद्या मोजल्याचा परिणाम. तिसरी म्हणजे श्रवणयंत्राच्या दुकानात काम करणारी पोरगी. ती जन्मली तेव्हा बँडचा दुसरा ड्रमरसुद्धा बँड सोडून गेला होता.

विषय : सर्वोत्तम लाइव्ह टेप कोणती? दंतवैद्याची आवडती टेप म्हणजे परदेश दौऱ्यातली. का, तर म्हणे आवाज स्वच्छ आहे. हा माणूस संगीतातही कीडच शोधतो. मी निकाल दिला. स्टेडियमची टेप. आपल्याच शहरातली, अडतीस वर्षांपूर्वीची. त्या रात्री मी तिथे होतो, पहिल्या रांगेत. इतर तिघांपैकी एकही नव्हतं. सरांना तेव्हा गालगुंड झालं होतं. संपला विषय. एक दिवस ही टेप जगासमोर येणार, लिहून ठेवा, असं सांगून उठलो.

१० जानेवारी, रविवार

स्टेडियमची टेप लावली. ती कोणी केली, कुणालाच माहीत नाही. कोणीतरी कोटाखाली रेकॉर्डर लपवून मागे जिन्यापाशी बसला होता, एवढं कळतं, कारण मधूनमधून पायऱ्यांवर पाय वाजतात. गाणी अप्रतिम. पण त्या कोटवाल्याच्या शेजारी एक गाढव बसलं होतं. ते पहिल्या गाण्यापासून बोलतंय. शब्द कळत नाहीत, नुसती भुणभुण. सगळ्यात हळू गाण्यात बाकीची वाद्यं थांबतात, गिटार एकटी उरते, तिथेही हा चालूच. मग एका मुलीचा आवाज येतो, अगदी स्पष्ट : "गप्प बस ना रे, ऐकू दे." आणि मग शांतता, आणि त्या शांततेत तो सूर.

त्या मुलीला आम्ही 'ती' म्हणतो. सर तर तिच्यासाठी हळवे होतात. आज मी त्या जागी सगळ्यांना टेपचं महत्त्व समजावून सांगितलं. काय ती मुलगी! काय तिचे कान! आणि शेजारी कोण, तर हे ध्यान. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, मी म्हणालो, आमचं ते नव्हतं.

घरी येऊन बायकोला त्या रात्रीबद्दल विचारलं. लग्नाआधी मीच तिला नेलं होतं. तिला काय आठवावं? डोकं दुखत होतं आणि आपण जिन्यापाशी बसलो होतो, म्हणे. पहिली रांग आणि जिना यांतला फरक ज्या बाईला कळत नाही तिला टेप ऐकवून काय उपयोग? गाढवाला गुळाची चव काय. म्हणूनच मी घरी नेहमी हेडफोन लावून ऐकतो.

१२ जानेवारी

दुकान. एक जोडपं स्प्रिंगच्या गादीवर पडून बघत होतं. सहज त्यांना पहिला ड्रमर का गेला ते सांगितलं. दुसऱ्या ड्रमरपर्यंत आलो तेव्हा ते उठून निघून गेले. मामेभाऊ म्हणतो, गिऱ्हाईक गादीवर पडलं की त्याला जरा शांतता लागते. याला विक्रीतलं काय कळतं? दुकान मामाचं होतं म्हणून हा आज मालक. मी याच्या आधीपासून इथे आहे, हे सोयीस्करपणे विसरतो.

३१ जानेवारी, रविवार

लिहून ठेवा म्हणालो होतो!

बँडच्या कंपनीचा ईमेल आला. ते जुने कार्यक्रम पेटीबंद संच म्हणून काढतायत. स्टेडियमच्या रात्रीचं त्यांच्याकडे स्वतःचं काही नाही, ही आमची टेपच काय ती. तिची साफ केलेली प्रत हवी आहे. शिवाय सोबतच्या पुस्तिकेसाठी एक पान मजकूर. अट अशी की लिहिणारा त्या रात्री तिथे हजर असला पाहिजे.

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले. दंतवैद्याचा चेहरा दाढ काढल्यासारखा झाला होता, पण विचारणं भाग होतं. अडला हरी. पुढची म्हण लिहीत नाही.

पुस्तिकेत माझं नाव छापून येणार. जगभर.

१ फेब्रुवारी

संकल्प. रोज पहाटे उठून लिहायचं.

२ फेब्रुवारी

पहाटे थंडी होती.

७ फेब्रुवारी, रविवार

लेख झाला. शीर्षक : 'पहिल्या रांगेतून'. नऊ पानं भरली. कंपनीला एकच हवंय. कापाकापी केली, संगीत उडवलं, गाढव ठेवलं. माझ्या मते लेखाचा प्राण तोच आहे. 'संगीत कुणाच्याही कानावर पडतं, पण आत शिरायला कान मोकळे लागतात. जिन्यापाशी बसलेलं हे गाढव आयुष्यात कधी काही ऐकणार नाही आणि कुठे पोचणारही नाही.' वा! स्वतःच दोनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवावं असं क्षणभर वाटलं, पण ती कुकर लावत होती.

लेख पाठवला.

१४ फेब्रुवारी, रविवार

श्रवणयंत्रवालीने टेप साफ करायला घेतली आहे. तिच्याकडे असं सॉफ्टवेअर आहे की त्यात गिटार वेगळी, टाळ्या वेगळ्या आणि माणसाचा आवाज वेगळा काढता येतो. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच गाढवाचे शब्द कळले. ते त्या मुलीला सांगतंय, "हा गिटारवाला काही चालणार नाही. दोन वर्षांत फुटतोय हा बँड. लिहून ठेव."

हसून हसून पुरेवाट. काय ही अक्कल! मी तर त्या रात्रीच ओळखलं होतं की हा बँड इतिहास घडवणार. सर म्हणाले, हे 'लिहून ठेव' कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय. सरांना हल्ली सगळंच ऐकल्यासारखं वाटतं. वय.

२१ फेब्रुवारी, रविवार

पोरीने आणखी एक तुकडा साफ करून आणला. गाढव म्हणतं, "मामाच्या गाद्यांच्या दुकानात बसतोय, पण ते तात्पुरतं. मी काही जन्मभर गाद्या विकणार नाही."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. दंतवैद्य चष्मा पुसू लागला.

मी म्हणालो, या शहरात गाद्यांची दुकानं काय थोडी आहेत? आणि मामा कुणाला नसतो? सरांनाही मामा होते, त्यांनी लगेच कबूल केलं. मग मी विषय बदलून दुसऱ्या ड्रमरवर नेला.

२२ फेब्रुवारी

माझा आवाज खर्जातला आहे. त्या गाढवाचा चिरका आहे. शिवाय मी पहिल्या रांगेत होतो.

२३ फेब्रुवारी

तिकिटं मामेभावाने काढली होती. आज दुकानात त्याला सहज विचारलं, कुठली होती रे? स्वस्तातली, म्हणाला, जिन्याखालची, तुझ्याकडे पैसे कुठे होते. मामेभावाची स्मरणशक्ती पहिल्यापासून अशीच.

२८ फेब्रुवारी, रविवार

बैठकीत ठाम भूमिका घेतली. भुणभुण पूर्ण काढून टाकायची. आता तंत्रज्ञान आहे, तर घाण कशाला ठेवायची? आजवर टेप मूळ स्वरूपातच ऐकावी असं सगळ्यांना मीच ऐकवत आलो, हे दंतवैद्याने मुद्दाम काढलं. अति शहाणा. मी म्हणालो, माणसाचं मत प्रगल्भ होतं. त्याचं झालं नाही, त्याला काय करणार?

शेवटी पोरीने दोन्ही प्रती पाठवायच्या ठरवल्या, बडबडीची आणि बिनबडबडीची. निवड कंपनी करेल.

९ मार्च

कंपनीच्या बाईंचा ईमेल. बडबडीची प्रत घेतली आहे. त्या मुलीचा आवाज म्हणजे या टेपचा जीव आहे, म्हणतात, आणि त्याआधीचा तो मुलगा नसेल तर तिच्या वाक्याला अर्थच उरत नाही.

ताबडतोब उलट कळवलं. लेखात छोटीशी दुरुस्ती हवी आहे. 'गाढव' या शब्दाऐवजी 'एक उत्साही तरुण श्रोता'.

१० मार्च

पुस्तिका छापून झाली आहे.

११ मार्च

आयुष्यात दूरदृष्टी असणं हाही एक शापच. छापखानेवाल्यांची घाई नडली. माझी चूक शून्य.

३१ मार्च

रविवारी संच येणार. कंपनीच्या बाई स्वतः येणार. दवाखान्यातच ऐकण्याचा कार्यक्रम, वीस-पंचवीस माणसं. मला दोन शब्द बोलायचे आहेत. बायकोला चल म्हणालो. पुस्तिका हातात घेतलेला माझा फोटो काढायला कुणीतरी विश्वासाचं हवं, दंतवैद्य मुद्दाम डोकं कापेल. तिने विचारलं, तिथे मी काय करू? म्हटलं, काही करू नकोस, नुसती बस. कुणी काही विचारलं तर मला विचारायला सांग.

संकल्प. कार्यक्रमात मोजकं बोलायचं.

४ एप्रिल, रविवार

लिहायची इच्छा नाही. पण नंतर लोक भलतंच सांगत फिरतील, म्हणून खरं काय झालं ते नोंदवून ठेवतो.

सुरुवात झकास झाली. कंपनीच्या बाईंनी लेखाचं कौतुक केलं. म्हणाल्या, राग फार मनापासून उतरलाय. फोटो झाला. बायको माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, आणि दंतवैद्याने दिवे मंद करून टेप लावली.

ते हळू गाणं आलं. गिटार एकटी उरली. बाईंना त्या जागेचं महत्त्व कळलं नाही तर काय, म्हणून मी वाकून त्यांना हळू आवाजात समजावत होतो. गिटारची एक तार तिथे जरा उतरलेली आहे आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहे, एवढंच सांगत होतो. फार तर ड्रमरचा उल्लेख आला असेल.

बायको शेजारून म्हणाली, "गप्प बसा ना हो, ऐकू द्या."

आणि पाठोपाठ स्पीकरमधून : "गप्प बस ना रे, ऐकू दे."

तोच आवाज. थोडा तरुण, एवढाच फरक.

मग टेपमध्ये ती शांतता आली, आणि तीच खोलीत. पंचवीस माणसं वळून बघत होती. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. भूगोलाचे सर उठले आणि तिच्यासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. घड्याळ चालूच होतं, बंद करायचं विसरले. श्रवणयंत्रवाली पोरगी माझ्यापाशी आली आणि तिने मला पाणी दिलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

कंपनीच्या बाईंनी बायकोकडून पुस्तिकेवर सही घेतली. ती माझ्याच लेखाच्या पानावर, कारण तिथे जागा होती.

परतताना रिक्षात तिने तो लेख वाचला. पूर्ण. मी रस्ता बघत होतो. घरापाशी आलो तेव्हा तिने एवढंच म्हटलं की तेव्हा मी गाद्यांबद्दल जे बोललो होतो ते तिला आठवतंय. तिला ते खरं वाटलं होतं.

५ एप्रिल

आवाजासारखे आवाज असतात. शास्त्रीयदृष्ट्या काहीच सिद्ध झालेलं नाही.

दुकानात मामेभावाने विचारलं, काल कसं झालं? ठीक, म्हणालो. दिवसभरात एक गादी विकली. गिऱ्हाईक पडून राहिलं होतं, मला बोलायला काही सुचलं नाही.

११ एप्रिल, रविवार

सकाळी दंतवैद्याचा फोन. बैठकीला येणार ना? मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, तुम्ही नव्हे हो, वहिनी.

ती गेली. आल्यावर मी विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं की तिलाही परदेश दौऱ्यातली टेप जास्त आवडली. आवाज स्वच्छ आहे.

चहा झाल्यावर तिने संच काढला आणि स्टेडियमची सीडी लावली. हेडफोनवर नव्हे, मोठ्याने. खुर्ची माझ्या शेजारी ओढून डोळे मिटून बसली. हळू गाणं आलं. तारेबद्दल सांगायला मी तोंड उघडलं. तिने डोळे न उघडता बोट वर केलं. बसलो गप्प.

भुणभुण झाली. तिचं वाक्य झालं. मग शांतता, आणि त्या शांततेत, सूर लागायच्या आधी, गाढव अगदी हळू म्हणतं, "बरं."

एवढी वर्षं ही टेप ऐकतोय, हा शब्द कधी कानावर आला नव्हता. दंतवैद्याला नाही, सरांना नाही, पोरीच्या सॉफ्टवेअरला नाही. बरोबर त्याच जागी दर वेळी, मी घरी एकटा हेडफोन लावून बसलो असतानाही, कोणीतरी बोलत असायचं.

मोठाच शोध. तिला लगेच सांगायला गेलो.

तिने पुन्हा बोट वर केलं.