दाजींचं धनुष्य आणि माझी उजवी मिशी

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
पोळ्यानंतरचा रविवार

आदरणीय दाजी,

धाकट्या मेहुण्याचा, बन्सीचा, वाकून नमस्कार. (हल्ली मी खाली मान घालूनच वावरतो, त्यामुळे वाकायला वेगळे कष्ट पडत नाहीत, कारण पुढं येतंच आहे.) आम्ही इकडं सर्व खुशाल. फुलंब्रीला तुमचे सासरे, आमचे आबाही खुशाल, आणि हे वाक्य या खेपेला मी खात्री करून लिहितो आहे. तिकडं टेक्सासात तुमचा गुडघा कसा आहे? आशाताईला यंदाही रजा नाही, असं कळलं. ती कधी येणार म्हणून आबा दर रविवारी विचारतात आणि मी दर रविवारी नवं कारण शोधतो. हे पत्र मुद्दाम तुमच्या ऑफिसच्या ईमेलवर टाकतो आहे, कारण घरी फोन ताई उचलते.

तर दाजी, तुमचं धनुष्य पोचलं. आपल्या मक्यात रानडुकरं शिरतात असं मी सहज बोललो काय आणि हरणाच्या शिकारीतलं जुनं धनुष्य तुम्ही येणाऱ्या माणसाबरोबर धाडलं काय, असा दाजी मिळायला नशीब लागतं. डुकराला हात लावायचा तर सरकारी परवानगी लागते. तिचा अर्ज मी केला आहे. ती येईपर्यंत धनुष्य तरी जुळवून ठेवू, असं ठरवून मी गच्चीवर गेलो. (अर्जाचं अजून काही झालेलं नाही. डुकरांना त्यांच्या बाजूनं कसलीच परवानगी लागत नाही.)

माझ्या डोक्यात धनुष्य म्हणजे वाकवलेला बांबू आणि सुतळी. ह्याला दोन टोकांना दोन चाकं, एकात एक गुंतलेल्या दोऱ्या, बाण ठेवायला टेकू, नेम धरायला रंगीत खुंट्या, आणि दोरीतच बसवलेलं एक भोक, ज्यातून बघायचं. तुम्ही फोनवर सांगितलं तसं चौकटीवर वर्तमानपत्र ताणलं, मागं चिंध्यांचं पोतं ठेवलं आणि जवळून बाण सोडला. कागदाला नुसतं गोल भोक पडलं तर धनुष्य जुळलं. कागद लांब फाटला तर नाही. माझं पहिलं पान राशिभविष्यापासून थेट निधनवार्तांपर्यंत उभं फाटलं. बाणाची शेपटी वर जाते म्हणून बाण अडकवायची दोरीवरची खूण खाली घेतली, तर शेपटी डावीकडं जायला लागली. म्हणून टेकू सरकवला, तर बघायचं भोक तिरकं झालं. म्हणून दोरीला पीळ दिला, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. या भानगडीत घरची रद्दी संपली, मग शेजारच्या यमुनाबाईंची संपली. त्या रद्दी परत मागायला म्हणून वर आल्या आणि शस्त्र बघून त्याला हळदकुंकू वाहून गेल्या. चाकाला कुंकू लागल्यावर ते कुरकुरतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

एक गोष्ट मात्र मी तुमची ऐकली नाही. दोरीची ओढ आधी तुझ्या मापाची करून घे, असं तुम्ही बजावलं होतं. तुम्ही ताडमाड, मी बेताचा; पण आपण काय कमी आहोत, या तोऱ्यात मी तुमच्याच मापानं ओढत राहिलो. ती दोरी माझ्या नाकाशी थांबत नाही, पार गालावर येते आणि वाटेत मिशी लागते. माझी मिशी तुम्हाला ठाऊक आहे. तेल लावून वळवलेली, गावच्या जत्रेत लोकांनी थांबून बघितलेली. त्यात माझ्या पिळाच्या कारभारानं ओढताना दोरी स्वतःभोवती फिरायची. त्या दिवशी मी श्वास रोखला, नेम धरला, बाण सोडला आणि उजवी मिशी बाणाच्या मागोमाग निघाली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण खोटं कशाला बोलू, डोळे पुसून आधी कागद बघितला, तर भोक इतकं गोल, इतकं स्वच्छ, की मी गच्चीभर नाचलो. दोरीचा आवाजही मऊ झाला होता. (आवाज कमी करायला तुम्ही दोरीला केसाळ गोंडे बांधता ना? त्याची आता गरज नाही.)

एकटी डावी मिशी घेऊन फिरता येईना, म्हणून सलूनमध्ये जाऊन तीही उतरवली. आपल्याकडं बाप जिवंत असताना मिशी उतरवत नाहीत, हे त्या भरात माझ्या डोक्यातच आलं नाही. तोंड लपवायला उपरणं डोक्यावरून गुंडाळून घरी आलो, तर दारात कडूबा. तो फुलंब्रीहून रोज कामाला इकडं येतो. त्यानं माझ्या ओठाकडं पाहिलं, उपरण्याकडं पाहिलं आणि काही न विचारता माझा हात दाबला. अशा वेळी विचारत नाहीत. मला वाटलं, मिशीचं दुःख समजणारा माणूस भेटला. माझेही डोळे भरून आले. चहा नको म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आबा शेतातल्या वस्तीवर राहतात, गावात रोज दिसत नाहीत. त्यामुळे सकाळपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो आला आणि माणसं पिठलं-भाकरी बांधून वस्तीवर निघाली. सारजाआत्यानं तर बांधापासूनच हंबरडा फोडला. आबा गोठ्यातून बाहेर आले आणि विचारलं, "कोण गेलं गं?" आत्या म्हणाली, "तूच की रं दादा," आणि तिथंच बसली. बांधावरून भांडण होऊन कैक वर्षं न बोललेला बद्रीनाथही आला होता. लई मोठ्या मनाचा माणूस होता, असं तो आबांच्या पाठीमागं उभा राहून सांगत होता. आबांनी ते सगळं ऐकून घेतलं, मग त्याला चहा पाजला. आलेली पिठलं-भाकरी त्यांनी दोन्ही वेळा आवडीनं खाल्ली. मला मात्र शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही.

असो. धनुष्य झकास आहे. घरच्या सगळ्यांचा नमस्कार.

तुमचा,
बिनमिशीचा बन्सी

ता. क. त्या फोटोवरून ताईचा आबांना फोन आला, हे तिनं तुम्हाला सांगितलंच असेल. एरवी जेवलात का, औषध घेतलं का, एवढ्यावर फोन संपतो. त्या दिवशी ती नुसती रडत होती आणि आबा तिला समजावत होते की मी हाये, मी हाये. मग ती म्हणाली, निघायचं तिकीट काढलं होतं, आता रद्द करते. आबा म्हणाले, बरं केलंस.  संध्याकाळी मला म्हणाले, "मेलेल्या बापासाठी रजा भेटती अन् जित्यासाठी नाय, व्हय? दाजीला पूस एवढं." म्हणून हे पत्र. धनुष्याचं सांगण्यासाठी नव्हतं.

आणखी ता. क. मला मिशी वाढवायची आबांनी मनाई केली आहे. म्हणतात, तुला असा बघून माणसं येत्यात, बरं वाटतंय. आशा आली की ठेव. काल चोरून थोडी राखून गेलो, तर त्यांनी मला खाटेवर बसवलं, साबण लावला आणि वस्तरा स्वतः हातात घेतला. दाजी, दिवाळीची तिकिटं लवकर काढा.